दवाखान्यातली शिवाशिव आणि आपली वस्ती



आपल्या विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्हीही चार शब्द लिहावेत असा संपादक मंडळाने आग्रह धरला. आम्ही काही लेखक नाही. सूतगिरणीत पाळ्या करण्यात आयुष्य गेले. शिक्षण नववीपर्यंत. पुढे जे काही वाचन झाले ते विहाराच्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुटीत. विहारासाठी विटा कुणी दिल्या, मूर्ती कशी आली, पहिली बुद्धवंदना कुणी घेतली, हा इतिहास वडीलधारी मंडळी आमच्यापेक्षा जास्त जाणतात आणि त्यांनी तो लिहिला असेलच. आम्हाला जे लिहायचे आहे ते जरा अडचणीचे आहे. संपादकांना विषय सांगितला तेव्हा ते थोडा वेळ गप्पच बसले. मग म्हणाले, "लिहा भाऊ, पण नावं नोका टाकू." नावे टाकणार नाही. ना माणसांची, ना दवाखान्याची.

विषय एच.आय.व्ही.च्या रोग्यांचा आहे. पण सुरुवात बाबासाहेबांपासून करतो.

अस्पृश्यतेचे स्वतःला व इतरांना आलेले अनुभव बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहून ठेवले होते. ते हस्तलिखित त्यांच्या पश्चात, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने छापले. पुस्तक छोटेसेच आहे. त्यातले कोरेगावच्या प्रवासाचे, बडोद्याच्या पारशी खानावळीचे, दौलताबादच्या किल्ल्याचे प्रसंग आपल्याकडे जयंतीच्या भाषणात दरवर्षी येतात. पण त्यातच एका डॉक्टरचाही प्रसंग आहे. तो कुणी सांगताना आम्ही फारसे ऐकले नाही.

काठेवाडातल्या एका गावी एक अस्पृश्य शिक्षक होता. त्याची बायको बाळंत झाली आणि दोनच दिवसांत तिला जुलाब व दम लागला. शिक्षक डॉक्टरकडे गेला. डॉक्टर म्हणाला, मी तुमच्या वस्तीत येणार नाही आणि तिला तपासणारही नाही. बिचारा गावच्या नगरशेटकडे आणि दरबाराकडे गेला. नगरशेट दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर आला, पण अट घालून. वस्तीबाहेर आणा, तिथे बघतो. ओल्या बाळंतिणीला दोन दिवसांच्या लेकरासह बाहेर आणले. डॉक्टरने आपले थर्मामीटर एका मुसलमान माणसाच्या हाती दिले, त्याने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने बायकोला लावले. परत आले तेही त्याच वाटेने. रात्रीचे आठ वाजले असतील. दिव्याच्या उजेडात डॉक्टरने पारा वाचला आणि न्यूमोनिया आहे असे सांगितले. औषध पाठवून दिले. पुन्हा पाहायला मात्र आला नाही. बाई गेली. शिक्षकाचे हे पत्र गांधीजींच्या 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ रोजी छापून आले होते, तिथून बाबासाहेबांनी ते घेतले.

हे आम्ही पहिल्यांदा वाचले तेव्हा राग आला, तो तर कुणालाही येईल. पण नंतर रात्रपाळीला मशीनवर उभे असताना एक गोष्ट डोक्यात फिरत राहिली. तो डॉक्टर अडाणी नव्हता. त्याने रोग ओळखलासुद्धा. औषध कोणते लागते तेही त्याला ठाऊक होते. विद्या होती, औषध होते, फीसुद्धा मिळत होती. फक्त हात पुढे आला नाही. आणि त्या शिक्षकाच्या वस्तीतल्या लोकांना पुढच्या वेळी कुणी सांगितले असते की जा बाबा दवाखान्यात, तर ते कशाला गेले असते?

आपल्या समाजाला दवाखान्याची भीती आहे, औषधावर विश्वास नाही, असे शिकलेले लोक म्हणतात. ती भीती अशी कमावलेली आहे. आणि ती एकट्या आपल्यातच होती असेही नाही. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा गोरे सोजीर घरात शिरून रोगी ओढून नेत. त्यामुळे चांगल्या चांगल्या घरांनी आजारी माणसे लपवली. पुढे रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, तो इतिहास शाळेत शिकवतात. त्याच प्लेगमध्ये सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातले आजारी लेकरू पाठीवर घेऊन मुलाच्या, डॉ. यशवंतच्या, दवाखान्यात आणले, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. हे मात्र आपल्याला आपणच शिकवावे लागले.

आता मूळ विषयाकडे येतो. भारतात एच.आय.व्ही. प्रथम सापडला तो १९८६ साली चेन्नईत. शोधून काढला डॉ. सुनीती सॉलोमन यांनी. या बाई माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. ज्यांच्या रक्तात विषाणू सापडला त्या देहविक्रय करणाऱ्या गरीब स्त्रिया होत्या. झाले! रोगाला चारित्र्याचा शिक्का बसला तो अजून निघाला नाही. सरकारही घाबरले होते. गोव्यात डॉमिनिक डिसोझा नावाचा तरुण रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात एच.आय.व्ही. आढळला म्हणून फेब्रुवारी १९८९ मध्ये पोलिसांनी त्याला उचलले आणि बंद पडलेल्या एका क्षय रुग्णालयात ६४ दिवस कोंडून ठेवले. गुन्हा काय, तर रक्तदान. त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली, पण रोग्याला वेगळे ठेवण्याच्या सरकारच्या अधिकाराला न्यायालयानेही त्या वेळी मान्यताच दिली. डॉमिनिक १९९२ साली वारला. त्याच वर्षी केंद्र सरकारने एड्स नियंत्रणाची देशव्यापी संघटना काढली.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा रोग कुठून आला याची चर्चा तेव्हा पानठेल्यावर फार चाले. नागपूर-हैदराबाद हमरस्ता पांढरकवड्यावरून जातो. तेव्हा त्याला सात नंबरचा महामार्ग म्हणत, आता तो ४४ आहे. वणीकडून कोळसा, इकडून कापसाच्या गाठी, सगळी वाहतूक ट्रकची. म्हणून रोगाला ट्रकवाल्यांचे नाव चिकटले. भिंतीवर चित्रे आली, त्यात सांगाडा आणि कवटी. शिक्षण देण्याऐवजी त्या चित्रांनी धसका दिला. हात मिळवल्याने, एका ताटात जेवल्याने, एक गिलास वापरल्याने हा रोग होत नाही, हे त्याच भिंतीवर खाली बारीक अक्षरात लिहिलेले असे. कवटी मोठी होती, तीच लोकांनी वाचली.

आमच्या वस्तीत एक ड्रायव्हर होता. आमच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा. १९९८ साली तो वाळत गेला, टी.बी.ची औषधे झाली, आणि वारला. काय झाले होते ते कुणी तोंडाने बोलले नाही, पण सगळ्यांना ठाऊक होते. मागे बायको आणि दोन वर्षांचा पोरगा. २००१ मध्ये तिला ताप येऊ लागला, तोंडात फोड आले. ती मोठ्या दवाखान्यात भरती झाली.

तिथे जे झाले ते तिने आमच्या आईला सांगितले आणि आईने आम्हाला. तिला न विचारता रक्त काढले. रिपोर्ट आला तो वॉर्डात सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितला. केसपेपरवर लाल शाईने खूण केली. खाट होती ती काढून संडासाजवळ टाकली. गोळ्या हातात देत नसत, कागदावर ठेवून कागद खाटेच्या कडेला सरकवत. एक दिवस गोळ्या देणाऱ्या बाईने केसपेपरवरचे आडनाव वाचले आणि म्हणाली, तुमच्या लोकांत हे असंच राहते. आडनावावरून जात कळते आणि जातीवरून रोग, असा तो हिशेब! (सरकारी कागदात १९९३ पासून आपण बौद्ध म्हणजे अल्पसंख्याक. आडनाव मात्र जुन्या हिशेबानेच वाचतात.) तिसऱ्या दिवशी पहाटे ती कुणाला न सांगता निघून आली. पुन्हा गेली नाही. आम्ही सांगायला गेलो तर म्हणाली, "भाऊ, मी तिथं जावाले तयार नाही. मरन आलं त घरी येऊ द्या. तिथं मले माणसातच धरत नाही."

मग ती जडीबुटीवाल्यांकडे गेली. एड्स मुळासकट बरा करतो म्हणणारे तेव्हा गावोगाव फिरत होते. डोरले विकून तिने त्यांचे पैसे भागवले. लोक म्हणाले, अडाणी बाई. आम्हीही म्हणालो. पण तो भोंदू तिच्या नाडीला हात लावून बघत होता, हे आमच्या तेव्हा ध्यानात आले नाही.

आता आपल्या वस्तीचे सांगतो. दवाखान्याला नावे ठेवणे सोपे आहे. ती हँडपंपावर गेली की बाया बाजूला होत. दांडा ती सोडून गेल्यावर त्यावर बादलीभर पाणी ओतत. ज्या समाजाने २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचे पाणी प्यायला, त्या समाजाच्या वस्तीत! पोराला अंगणवाडीत दाराशी बसवून खिचडी देत. त्याची तपासणी झाली होती, त्याला रोग नव्हता, तरीही.

आणि आम्ही स्वतः? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून घ्यायला ती आमच्या घरी आली. आम्ही कार्यकर्ते म्हणवणारे. अर्ज भरला, तलाठ्याकडे काय सांगायचे ते सांगितले, चहा दिला. ती गेल्यावर तो स्टीलचा गिलास आम्ही स्वतःच्या हाताने उचलला आणि न्हाणीच्या भिंतीवर उपडा ठेवून दिला. घरात घेतला नाही. बायकोने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. सात-आठ दिवसांनी ती कागद घेऊन पुन्हा आली. भिंतीवरचा गिलास तिला दिसला असेल, कारण न्हाणी दारातच होती. चहा आला तेव्हा तिने पिशवीतून आपला स्वतःचा गिलास काढला आणि म्हणाली, "भाऊ, याच्यातच द्या, तुमचा कायले खराब करता."

त्या दिवशी आम्ही तिच्या गिलासात चहा ओतला. नाही बाई, आमच्याच गिलासात घ्या, एवढे म्हणायला तोंड उघडले नाही. काठेवाडच्या डॉक्टरचे पान तोपर्यंत आम्ही वाचलेले होते, त्यावर भाषणही दिलेले होते.

२००३ च्या भाद्रपदात ती गेली. वर्षावास चालू होता. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' ग्रंथाचे वाचन होत असे. त्यात रोगी भिक्खूचा प्रसंग आहे, मूळ विनयपिटकातला, बाबासाहेबांनी तो घेतला आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडला होता. भगवंतांनी त्याला विचारले, तुझे करणारे कुणी नाही का? तो म्हणाला, मी भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून ते माझे करीत नाहीत. मग भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, आणि दोघांनी डोक्याकडून-पायाकडून उचलून खाटेवर ठेवले. ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रोग्याची करावी, अशा अर्थाचे त्यांचे सांगणे आहे. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट जास्त बोचते. घाणेरडा म्हणून नव्हे, उपयोगाचा नाही म्हणून त्याला सोडले होते.

तिच्या मातीला वस्तीतले मोजके लोक होते. तिरडीला हात लावणाऱ्या पोरांनी हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. आम्ही नव्हतो. आमची दुसरी पाळी होती असे आम्ही इतकी वर्षे सांगत आलो. पाळी होती हे खरे. बदली मागता आली असती हेही खरे.

यानंतर आम्ही या विषयावर मिळेल ते वाचू लागलो. त्यात अमेरिकेची एक हकिकत सापडली. अलाबामा राज्यात टस्कीगी म्हणून गाव आहे. १९३२ पासून तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या माणसांवर एक प्रयोग चालवला. त्यातल्या ३९९ जणांना गरमीचा रोग होता. त्यांना सांगितले की तुमच्यावर इलाज चालू आहे. खरे तर रोग वाढत कसा जातो हे बघत होते. पुढे पेनिसिलीन आले, सगळ्या जगाला मिळाले, पण यांना मुद्दाम दिले नाही. माणसे मेली, बायकांना लागण झाली. १९७२ साली वर्तमानपत्रांनी हे उघड केले तेव्हा कुठे ते थांबले, आणि राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ साली. नंतर एड्सचा रोग आला तेव्हा तिथल्या कितीतरी काळ्या लोकांना वाटले की हा सरकारनेच आपल्यात सोडला. औषध देतात तेही मारायलाच. तसे नव्हते, पण त्यांना तसे का वाटावे हे आता आपल्याला समजू शकते. गंमत बघा, ज्या १९७२ साली तिकडे हे उघडकीस आले त्याच साली तिकडच्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन मुंबईत आपल्या पोरांनी दलित पँथर उभी केली. नाव घेतले, घोषणा घेतल्या. दवाखान्याचा प्रश्न मात्र तितक्या जोराने कुणी उचलला नाही.

आपल्या देशातलेही आकडे आहेत. ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांत अस्पृश्यतेची पाहणी झाली, तिचे पुस्तक २००६ साली निघाले. सुमारे ३३ टक्के गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जायला तयार नव्हते असे त्यात आढळले. म्हणजे १९२९ चा तो डॉक्टर दर तीन गावांमागे एका गावात अजून होता.

आणि लांब कशाला जाता, आपल्याच घाटंजी तालुक्यात कापसी-कोपरी गावी ३१ जानेवारी २०२१ रोजी १२ लेकरांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. लेकरे वाचली, कर्मचारी निलंबित झाले. दोष पोलिओच्या थेंबांचा नव्हता, ते थेंब चांगलेच आहेत. पण पुढच्या फेरीला आमच्या वस्तीतल्या बायांनी आशाताईच्या हातून बाटली घेऊन आधी वास घेतला, मग लेकराचे तोंड उघडले. आशाताई रागावली. आम्ही तिला म्हटले, ताई, रागावू नका, बाटली हातात दिली म्हणून तर तोंड उघडले.

औषधाचा इतिहासही सांगायला पाहिजे, कारण आमच्या मनाला जी टोचणी आहे ती त्यातच आहे. तीन औषधे एकत्र दिली तर एच.आय.व्ही. दबून राहतो हे जगाला १९९६ च्या सुमारास कळले. पण खर्च वर्षाला दहा-बारा हजार डॉलर. २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीच औषधे वर्षाला ३५० डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली आणि जगभर खळबळ उडाली. सरकारी दवाखान्यातून ही औषधे फुकट मिळायला सुरुवात झाली १ एप्रिल २००४ रोजी. महाराष्ट्रात पहिल्यांदा मुंबईच्या जे.जे.मध्ये. म्हणजे ती गेल्यानंतर सातव्या महिन्यात. मुंबई यवतमाळहून रात्र-दिवसाच्या प्रवासावर, ती पोचली असती का, हा वेगळा प्रश्न. पण समजा औषध आपल्या गावातच आले असते, तरी त्या दवाखान्याची पायरी ती चढली असती का? आम्हाला वाटते, नसती चढली. औषध आले होते, आणि ते घ्यायला लागणारा विश्वास आम्ही सगळ्यांनी मिळून आधीच मारून टाकला होता.

पुढे केंद्रे वाढली, आपल्या जिल्ह्यातही झाली. आधी रक्तातल्या पेशी २०० च्या खाली गेल्याशिवाय औषध मिळत नसे, २०१७ पासून तपासणीत लागण निघाली की लगेच सुरू करतात. नेमाने गोळी घेणारा माणूस आता म्हातारा होईपर्यंत जगतो. रक्तातला विषाणू तपासणीत दिसणार नाही इतका कमी राहिला तर शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही.

कायद्याची बाजू कामगारांनी विशेष लक्षात ठेवावी. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका हंगामी मजुराच्या बाजूने निकाल दिला. केवळ एच.आय.व्ही. आहे म्हणून, काम करायला सक्षम असलेल्या माणसाला काम नाकारता येणार नाही, असा तो निकाल होता, आणि त्या मजुराचे नावही न्यायालयाने कागदावर येऊ दिले नाही. गिरणीत आम्ही हा निकाल सूचनाफलकावर लावला, तो दुसऱ्या दिवशी कुणीतरी फाडला, आम्ही पुन्हा लावला. २०१७ चा एच.आय.व्ही. कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी नाही, रिपोर्ट दुसऱ्याला सांगायचा नाही, दवाखान्यात, शाळेत, नोकरीत, भाड्याच्या घरात भेदभाव करायचा नाही. हातमोजे घालायचे तर रक्ताचा संबंध येईल तिथे प्रत्येक रोग्यासाठी घालायचे, खूण करून एकासाठी नाही. त्या बाईच्या बाबतीत जे जे झाले त्यातले जवळजवळ सगळेच आज बेकायदा आहे.

कायदा झाला म्हणून लाज गेली असे नाही. आम्हाला माहीत असलेले काही जण अजूनही आपल्या जिल्ह्यातले केंद्र सोडून दुसऱ्या जिल्ह्यात गोळ्या आणायला जातात. ओळखीचे कुणी भेटू नये म्हणून. एक दिवसाची मजुरी जाते, वर तिकीट. केंद्रातले समुपदेशक आता बरेचसे चांगले वागतात, नावाने हाक मारतात, बसायला खुर्ची देतात, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण आजी-आईने सांगितलेले एका खुर्चीने पुसले जात नाही.

तिचा पोरगा आजीकडे वाढला. आता बाहेरगावी कामाला असतो, चांगले चालले आहे. दोन वर्षांमागे बुद्धपौर्णिमेला आला होता तेव्हा खीरदानाच्या रांगेत आमच्याच हातून त्याने वाटी घेतली. गिलासाची गोष्ट आम्ही त्याला सांगितलेली नाही. हा लेख वाचला तर त्याला कळेल.

काही वर्षांपासून आम्ही आणि वस्तीतल्या दोन भगिनी लोकांसोबत दवाखान्यात जात असतो. खिडकीवर केसपेपर काढून देणे, रांगेत सोबत बसणे, गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा नीट विचारून घेणे, एवढेच काम. कोणता रोग आहे हे आम्हाला सांगावे लागत नाही, आम्ही विचारतही नाही. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या मागच्या ओट्यावर भेटावे, किंवा घरी पोराच्या हाती नुसता निरोप द्यावा. सकाळची साडेसहाची एस.टी. असते. डबा सोबत घ्यावा, परत यायला दुपारचे तीन वाजतात.